आर्व्होची रेघ

बस ना, डोरीन. कोट राहू दे अंगात, विमानाचं इंजिन चालू ठेवून आलीस ते दिसतंय मला खिडकीतून, पण कॉफी ओतलीय, तिला नाही म्हणू नकोस. तर काय विचारलंस — माझ्या भावाकडून, आर्व्होकडून, रेडिओवर खरंच काही आलं नाही का? नाही आलं. शनिवारी गेला तो, तेव्हापासून तिन्ही संध्याकाळी नाही. मी ऐकलं नाही म्हणजे त्याने पाठवलं नाही, सरळ आहे. दर हिवाळ्यात सापळे लावायला जातो आणि रोज सहाला मोर्समध्ये दोन शब्द टकटकवतो — पोचलो, जेवलो — झालं. तोंडानेही याहून जास्त बोलत नाही तो. आणि पाठवलं नाही म्हणजे — ते मला माझ्या तोंडाने म्हणायचं नाहीये. त्याच्या स्नोमोबाइलचा माग पातळ बर्फापाशी संपतो असं तुम्ही म्हणता, नेहमीची झोपडी रिकामी आहे हेही तूच बघून आलीस. उद्यापासून विमानाने वरून शोधणं बंद, पाणबुडे आणणार, तेही कळलं. कळलं म्हणजे काय — रात्रभर तेच दिसतं मला, बर्फाखालून वर बघणारं त्याचं तोंड. पी तू कॉफी.

सेट बिघडला असेल म्हणतेस? कुणाचा, माझा? हे बघ, हा माझा रेडिओ, लायटरएवढा, बाकी सगळं कॉम्प्युटरमध्ये. पडद्यावर सगळा बँड, म्हणजे आमच्या लहरींचा सगळा पट्टा, असा खाली सरकत राहतो, जो कुणी बोलेल त्याची रेघ उमटते, ऐकूही येतं आणि दिसतंही. आता असा स्वस्तातला रेडिओ थोड्या थापा मारतो — प्रत्येकाची चूक वेगळी, ती मोजायची, तेवढा आकडा प्रोग्रॅममध्ये भरायचा, मग तो खरं बोलतो. मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोजतो. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की त्याच दिवशी चढवतो, आळस नाही — ही आत्ताचीसुद्धा आर्व्हो निघाला त्याच दुपारी चढवली. आमचं बाकीचं हौशी रेडिओवाल्यांचं टोळकं जुने व्हॉल्व्हचे सेट घेऊन बसलंय, त्यांच्या काट्यांवर कोण विश्वास ठेवणार? म्हणून दर रविवारी सगळे माझ्याकडे हजेरी देतात आणि मी सांगतो, तू ठरल्या जागेच्या एवढा खाली, तू एवढा वर, सरक. रीतच आहे आमची. या रविवारी तर सगळेच्या सगळे खाली घसरलेले. चांगलं झापलं मी. ती हिल्का, पलीकडच्या गावची, नवरा गेल्यापासून त्याचाच सेट चालवते — ती वाद घालायला लागली, रेनो, माझा काटा होता तिथेच आहे, तूच बघ जरा. मी म्हटलं बाई, सेट उघड आणि आधी धूळ झटक. सरकली शेवटी, सगळे सरकले. आर्व्होची गोष्ट वेगळी, त्याने सेट स्वतः जोडलाय, आत एकच क्रिस्टल, एकच जागा, त्याला सरकायची सोयच नाही.

काय म्हणालीस? एकाच बाजूला? हो, एकाच बाजूला, सांगितलं ना, खाली. अगं, उणे चाळीस होतं, थंडीत सगळंच आकसतं. सारखंच घसरले का — म्हणजे, साधारण सारखंच. हो. सारखंच. हे बघ, तू विमान चालव, हे माझ्यावर सोड — थंडी आहे म्हटलं ना. थंडीत एखादा सेट वर जातो, एखादा खाली येतो, सगळे काही एकाच — आणि हिल्काचा सेट तर स्वयंपाकघरात असतो. चुलीशेजारी.

थांब जरा. उठू नकोस. हे सरकारचं वेळ सांगणारं स्टेशन लावतो, सेकंदाला एक टिक, ते आपल्या जागेवरून केसभर हलत नाही, सगळी दुनिया त्यावर घड्याळं लावते. त्याची रेघ इथे या खुणेवर पडायला हवी. इथे. मग ही कुठे पडलीय? तुला दिसतंय का, का माझे डोळे — खाली आहे ना? हेही खाली. सरकारी स्टेशनही हिल्काएवढंच घसरलंय होय. अरे देवा. आकडा बघू, दुरुस्तीचा आकडा, कुठे ठेवलाय या नव्या आवृत्तीत — शून्य. शून्य आहे इथे. चढवताना पुसला गेला, आणि मी त्यानंतर मोजलंच नाही, पहिली तारीख यायची होती. मीच सरकलो होतो, पोरी. आणि सगळ्यांना माझ्यामागे ओढलं. रोज रात्री त्याला हाका मारल्या, त्याही भलत्याच जागी.

आणि ती रेघ. नाही, सांगतो, सांगायलाच हवं — शनिवारी सहाला जरा बाजूला एक बारीक रेघ उमटली होती, तुटक तुटक. मला वाटलं रेडिओचीच शिट्टी, असले रेडिओ स्वतःच शिट्ट्या मारतात, आपण त्यांच्यावर बोट ठेवायचं की प्रोग्रॅम त्या कापून टाकतो. मी कापली. ऐकायला अडचण नको म्हणून कापली, आर्व्होला ऐकायचं होतं म्हणून.

रेकॉर्डिंग आहे. आहे, आहे, सगळा बँड कच्चा साठतो, कापाकापीच्या आधीचा. हे एवढं मोठं बटण माझ्या बोटाला का सापडत नाहीये — तू दाब. शनिवार. सहा. हं. त्याचाच हात. पहिलं अक्षर ओढतो नेहमी, आई ओरडायची त्याला. गप्प, वाचून दाखवतो. स्नोमोबाइल — बंद — पडली. वरच्या तळ्याच्या — जुन्या झोपडीत आहे. लाकूड भरपूर. खाणं आहे. घाई नको. घाई नको म्हणतो, ऐकलंस? जिवंत आहे. पातळ बर्फापुढचा माग वाऱ्याने पुसला असणार. चुलीशी पाय शेकत बसलाय आणि मी इकडे त्याला बर्फाखाली — ऊठ, वरच्या तळ्यावर जा, पूर्वेच्या काठाला, छप्पर दिसेल. अजून उजेड आहे. मी रडत नाहीये, तू नीघ.

रविवार लावतो, उभ्यानेच ऐक. रेनो — तुझं उत्तर नाही. आजारी आहेस का. हाक मारत राहतो. आणि मी तेव्हा हिल्काला झापत होतो. त्याच्या माहितीत माझी एकही संध्याकाळ चुकलेली नाही, डोरीन, हृदयाची गोळी घेऊनसुद्धा मी सहाला बसलोय.

काल. कालचं. थांब, दार लावू नकोस. आज — चौथी — नाही, आज तिसरी संध्याकाळ. कुणीच बोलत नाही. तू पडला असशील — एकटा. सकाळी — पायी — निघतो.

वरच्या तळ्यावर जाऊ नकोस, पोरी. तिथे आता कुणी नाही. तो सकाळपासून या थंडीत चालतोय, मला बघायला. विजेच्या तारांखालून येणार, दुसरी वाट त्याला माहीत नाही, तू तारा धरून अगदी खालून उड. भेटला तर त्याला म्हणावं — नाही, काही म्हणू नकोस. जा तू.