रुक्मिणीबाईंचा पाय आणि डॉक्टरांचा फेस

माननीय अध्यक्ष बबनराव, उद्यापासून दवाखाना सांभाळणाऱ्या डॉक्टर इंदुताई, आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर यशवंतराव आणि जमलेल्या चिंचवडकर बंधुभगिनींनो,

डॉक्टरांच्या गुणांविषयी आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितले. मी काढे-आसवांच्या एका छोट्या कारखान्यातला रसायनतज्ज्ञ. जे मोजता येत नाही त्याविषयी बोलताना माझी जीभ अडते. म्हणून मी फक्त एका पायाची हकीकत सांगणार आहे. ती चारचौघांत सांगावी का, हा प्रश्न मला पडला होता. शेवटी पायाच्या मालकिणीलाच विचारले. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "सांगा की! पाय माझा हाय, तुमाला कसली लाज?"

रुक्मिणीबाई आमच्या कारखान्यात बाटल्या धुतात, दिवसभर उभ्याने. त्यांच्या पायाच्या शिरा फुगून दोरखंडासारख्या झाल्या होत्या आणि घोट्यावरची जखम भरत नव्हती. मुकादम मारुतरावांनी बजावले होते, "दसऱ्यापर्यंत पाय बरा झाला तर ठीक, न्हाईतर दुसरी बाई बघतो." घरात कमावत्या त्या एकट्याच.

डॉक्टरांच्या वाचनात एक नवा उपाय आला होता. शीर मिटवणारे औषध तसेच टोचले तर रक्तात मिसळून त्याचा जोर जातो. त्याचा फेस करून टोचला तर तो रक्त बाजूला सारतो आणि शिरेच्या आतल्या अंगाला भिडतो. पण फेस करायचा कसा? औषध नि थोडी हवा सिरिंजमध्ये घेऊन हलवले, तर डोळ्याएवढे बुडबुडे! मग दोन सिरिंजा आखूड नळीने जोडून औषध इकडून तिकडे ढकलले. आता फेस लोण्यासारखा बारीक येई, पण शिरेपर्यंत पोचेतो त्याचे पाणी होई. डॉक्टरांनी मला बोलावले. मी साबणाच्या फेसावर बरेच बोललो. उपयोग शून्य.

आपल्याकडे सुई वाफाळती हवी, हे आपण सगळेच जाणतो. गार सुईचा गुण येत नाही, अशी आपली समजूत. तिला मान देऊन डॉक्टर उकळत्या भांड्यातूनच सिरिंज उचलत. एके दिवशी मारुतराव दवाखान्यात येऊन भांडू लागले. "डॉक्टरसाहेब, बाईचं काय ते एकदा सांगा!" शांत डॉक्टरही त्या दिवशी तापले, आणि तेवढ्यात काढून ठेवलेल्या सिरिंजा निवल्या. मारुतराव पाय आपटत गेल्यावर डॉक्टरांनी त्यांतच फेस केला. तो मोडेना! फेस मोडत होता तो काचेच्या उबेने.

पण रुक्मिणीबाईंनी पाय आखडला. "गार सुई? आमी न्हाई टोचून घेनार."

"बाई, उकळून काढलीय, फक्त निवलीय. भाकरी निवली म्हणून कच्ची होते का?"

त्यांनी विचार केला. "न्हाई व्हत. टोचा."

दसऱ्याआधी जखम भरली. एका पायावरून सिद्धान्त मांडू नका, असे डॉक्टर मला बजावतात. मान्य. पण बाईंच्या दुसऱ्या पायाच्या शिराही तशाच फुगल्या आहेत आणि डॉक्टर तर उद्या गाव सोडून निघाले. आज सकाळी रुक्मिणीबाईंनी विचारले, "मंग माझ्या ह्या पायाचं काय?"  डॉक्टरांनी निवलेल्या सिरिंजा इंदुताईंच्या हाती दिल्या आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. इंदुताईंनी फेस केला, उजेडात धरला. आम्ही सारे बघत राहिलो. फेस टिकला. रुक्मिणीबाईंनी लुगडे सावरले आणि पाय पुढे केला.

डॉक्टर, तुम्ही निश्चिंत मनाने जा. अध्यक्षांनी मला वेळ दिला, आपण ऐकून घेतले, आभारी आहे. मुकादमांविषयी काही अधिक बोललो असेन, तर तेही समोरच बसले आहेत. त्यांनी आणि आपण सर्वांनी उदार मनाने सांभाळून घ्यावे. नमस्कार.