गुरूवरचा ठिपका

गुंडेराव: तू ठिपका पुसलास. सरळ सांग नमिता, पुसलास की नाही?

नमिता: बाबा, कशाला पुसू मी? तुम्ही दुर्बिणीला कॅमेरा लावून तीन मिनिटांचा व्हिडिओ घेतलात. त्यातल्या स्पष्ट फ्रेम निवडून मी एकावर एक रचल्या. गुरूचे पट्टे आले. ठिपका नाही.

गुंडेराव: रचताना गेला असेल. तुमच्या हेब्बाळच्या कंपनीत सगळंच घासूनपुसून ठेवायची खोड लागते. अग, कॅमेरा लावायच्या आधी ह्याच डोळ्याने बघितला की. बरोबर मध्ये, काळाकुट्ट. गुरूवर पडलेली त्याच्या चंद्राची सावली ती.

नमिता: हा मूळ व्हिडिओ बघा. ह्याला मी हातही लावलेला नाही.

गुंडेराव: इल्ल. ह्यातही नाही. कॅमेराच बरा नाही तुझ्या नवऱ्याने आणलेला.

नमिता: त्याच कॅमेऱ्यात चारही मोठे चंद्र आलेत. डावीकडे एक, उजवीकडे तीन. सगळे गुरूपासून लांब उभे आहेत. मग आत सावली कुणाची?

गुंडेराव: रघूत्तमही हेच म्हणाला. काल देवळाच्या कट्ट्यावर मोबाइल काढून सांगतो, आज सावलीचा योगच नाही म्हणे. मी चारचौघांत त्याला आंधळा म्हटलं. चाळीस वर्षांचा मित्र, कॉफी तशीच ठेवून उठून गेला. म्हणून तर फोटो पाहिजे मला. त्याच्या नाकासमोर धरायला.

नमिता: कॅमेरा काढा, मला बघू द्या. ...मला नाही दिसत हो.

गुंडेराव: सरक. हा काय, आहे की. कालपेक्षा मोठा. वहीत रोज चित्र काढतो मी, बावीस दिवस झाले. आधी मोहरीएवढा होता, आता मिऱ्याएवढा.

नमिता: पण सावली दोन-तीन तासांत पलीकडे सरकून जाते. हे तुम्हीच मला शिकवलंत. ही रोज मधोमधच कशी बसते? आणि वाढते कशी?

गुंडेराव: शिकवलं, हौदु, होय.

नमिता: दुर्बीण शनीवर फिरवा. माझं ऐका एकदा.

गुंडेराव: सुम्मने, उगाच काहीतरी तुझं. हं, लागला. कडं आहे. ह्या बाजूला आहे, त्या बाजूला आहे. मधला शनी कुठं गेला?

नमिता: डोळा बदला. डाव्याने बघा.

गुंडेराव: डावा मी मिटूनच घेतो. सवय आहे तशी. ...आहे ग. शनी आहे. स्वच्छ.

नमिता: आता इकडे या, दिव्यापाशी. डाव्यावर हात ठेवा आणि माझ्याकडे बघा. काय दिसतं?

गुंडेराव: तुझे केस. कानातले डूल.

नमिता: आणि चेहरा?

(गुंडेराव हात काढतात. पुन्हा ठेवतात. पुन्हा काढतात.)

गुंडेराव: नमिता, तुला तोंडच नाही.

नमिता: बसा. आधी खुर्चीत बसा.

गुंडेराव: बावीस दिवस. बावीस दिवस मी माझ्या डोळ्याचंच चित्र काढत होतो ग.

नमिता: दोन्ही डोळे उघडे असले की डावा सांभाळून घेतो. पेपर वाचताना कळलं नाही, स्कूटर चालवताना कळलं नाही. आता साडेसात होतायत. मी ऑटो बोलावते. डोळ्यांच्या दवाखान्यात कुणीतरी असेलच.

गुंडेराव: तुझ्या आईला, तुंगाला सांगू नको. घाबरट आहे ती.

तुंगाबाई (जिना चढून गच्चीवर येत): काय सांगू नको? खालून दोन हाका मारल्या, कॉफी निवली तुमची. आला का ठिपका फोटोत?

गुंडेराव: नाही आला.

तुंगाबाई: मग त्यात एवढं काय? नमिता, तू का रडायलीस?

नमिता: बाबा, तुम्ही सांगता की मी सांगू?

गुंडेराव: तुंगा, ठिपका गुरूवर नव्हताच. माझ्या उजव्या डोळ्यात आहे. त्याने बघितलं की समोरच्याचं तोंड दिसत नाही.

तुंगाबाई: काय बोलताय? अय्यो देवा. रोज जिना उतरून मला सांगत होता की, आज वाढला, आज वाढला म्हणून. पहिला दिसला त्या दिवशी मी केसरीभात केला होता हो.

गुंडेराव: दोनदा वाढून घेतला मी.

तुंगाबाई: आणि मी वाढला.

गुंडेराव: रघूत्तमला फोन लाव नमिता. त्याचं बरोबर होतं म्हणून सांगतो.

तुंगाबाई: ते उद्या. आधी चप्पल घाला. माझा हात धरून उतरा. आणि ती वही कुठं आहे? ती घ्या बरोबर. कधी किती होता, डॉक्टर विचारतील.