पुढून ओढणारी गाडी

—नाही हो भाऊ, दरवाजा तसा ओढू नका, आत कोंबडी बसलीय अंड्यांवर. पिल्लं निघेस्तोवर गाडी हलायची नाही. नंतरही नाही — मालक कुठे घरी आहेत? मुंबईला गेलेत, पुढच्या चाकाचा सांधा आणायला. येतीलच. बैल उगाच आणलेत, बांधा त्या भेंडीच्या झाडाच्या सावलीत, पाणी घ्या. अशी गाडी पाहिली होती कधी? कुठून पाहणार! लढाईच्या आधी अमेरिकेतून बोटीने आली, मलबार हिलच्या शेठकडे, आणि वर्षभरात तिकडे तो कारखानाच बंद. लढाईत पेट्रोल मिळेना, मग ताडपत्रीखाली पडून. आमचे हे त्या शेठचे ड्रायव्हर, त्यांनी मागून घेतली. बाकीच्या गाड्यांना मागची चाकं ढकलतात, हिला पुढची ओढतात. हे म्हणायचे, "कार्मिन, ही बैलगाडीच की गं, फक्त बैल पोटात!" आणि दिवे बघा, पापण्यांच्या आत. हँडल फिरवलं की डोळे उघडते. आमची लुसी रोज तिन्हीसांजेला उघडून ठेवते — पपांना वाट दिसायला. एवढीशी पोर, तिला काय सांगायचं?

आगाशीपासून वटारपर्यंत सगळ्या नवऱ्या हिच्यातूनच चर्चला जायच्या. मग ते एक लग्न आलं, आदल्या दिवशी अवकाळी पाऊस. मागे नवरी, करवली, दोन जाडजूड आत्या — गाडी झाली उलार, सगळा भार मागे. बांधाच्या चढणीवर पुढची चाकं चिखलात नुसती गरगर. बैलगाडी असती तर माणसं पुढे सरकवली असती, पण नवरीला ड्रायव्हरशेजारी कोण बसवतो? ह्यांनी गाडी वळवली नि उलटी घातली चढणीला. झपकन चढली हो! उलटं चढताना भार ओढत्या चाकांवर येतो — सांगत होते बिचारे, ऐकतंय कोण? बँडवाल्यांना हसू आवरेना. आत्या ओरडतायत, "मेल्या, पोरगी देवाकडे पाठ करून चाललीय!" पुढे ती माहेरी परतली. नवरा दारू पिऊन मारायचा, गावाला ठाऊक, तरी बोट आमच्या गाडीकडे. लग्नं बंद. मग केळीचे घड लादले, त्यात सांधा तुटला.

ईस्टरला येतो म्हणाले होते. आता नाताळची घरं सारवून झाली. गावातला पास्कल म्हणतो परळला दिसले, बरोबर कोणी बाई होती — पास्कलला स्वतःची बायको ओळखू येत नाही लांबून! गाडी इथे आहे ना, मग येतील. माझ्यासाठी नाही, हिच्यासाठी तरी — म्हणजे, तसं नव्हे... म्हणूनच नाही विकायची. आणि किल्ली कुठाय माझ्याकडे? ती त्यांच्याच खिशात, आमच्या लग्नातलं मारियामातेचं मेडल बांधलेली...

खिशातून हे काय काढलंत?

दाखवा. — हो. तेच मेडल.

किल्ली त्यांनीच दिली, गाडी विकून? ...बरे आहेत ना? नको. नका सांगू.

कोंबडी मी काढते, तुम्हाला टोचेल. बैल पुढून जुंपा. आणि आधी ते डोळे मिटून घ्या. लुसी शेजारी ग्रेसीकडे आहे, ती यायच्या आत — न्या म्हणते ना!