कुरोची नखी आणि तियांगची शिंक

...नाही पण मी म्हणतो, नको तेव्हा कशी बरोबर येते हो ती? पाद्रीबाबा डोळे मिटून प्रार्थना सांगतायत, सगळं चर्च चिडीचूप, तेव्हा येते. गरम सूप तोंडात धरलंय, समोर साक्षात सासू बसलीय, तेव्हा येते. आणि इथे एका भल्या माणसाचा जीव टांगणीला लागलाय, त्याला एक, फक्त एक, गव्हाच्या दाण्याएवढी शिंक हवीय... तर शिंक काही येईना!

तुम्हाला सांगतो, आमच्या तियांगइतका शिंकेसाठी रडलेला माणूस अख्ख्या तैवानात दुसरा सापडायचा नाही. तुम्ही म्हणाल, शिंकेसाठी रडायचं काय कारण? तर कारण नाकात नव्हतंच मुळी. कारण होतं कुत्र्याच्या पायात.

कुत्रा म्हणजे कुरो. काळाकुळकुळीत, कान उभे, शेपूट कोयत्यासारखं वाकडं. रानडुकराच्या कानाला लोंबकळतो पण सोडत नाही, असा कुत्रा! पण तो तियांगचा नव्हे हो, तियांगच्या मामाचा, आझिमानमामाचा. आणि आम्हा बुनुन लोकांत, म्हणजे इथल्या डोंगरातल्या आदिवासींत, मामा म्हणजे काय चीज असते ते भाच्यालाच विचारा. बापाने चार शिव्या घातल्या तर या कानाने ऐकून त्या कानाने सोडता येतात, पण मामाच्या तोंडून एक वाकडा शब्द निघाला तर तो लागतो! कोठीतलं राळं सडतं, कोंबडी अंडी घालायची थांबते, म्हणतात. तियांगची तर कोंबडी आधीच थांबलेली होती. त्याला आणखी धोका पत्करायची सोय नव्हती.

तर मामा डोळे दाखवायला ताइतुंगला मुलीकडे निघाला. जाताना कुरोची दोरी तियांगच्या हातात दिली आणि बजावलं, "संध्याकाळी आलो की उद्या सकाळी आपल्याला वर जायचंय." वर म्हणजे शिकारीला. शिकार हा शब्द आमच्यात कुणी तोंडातून काढत नाही, डोंगराला कान असतात. "यंदा तूही चल. पुढे नाही, मागे, पातेली घेऊन. पण चल." तियांगचे डोळे भरून आले. इतकी वर्षं याला कुणी पातेल्यांनासुद्धा हात लावू देत नव्हतं! "आणि कुरोला पायी फिरव. स्कूटरवर घालू नकोस. डोंगरचा कुत्रा आहे तो, मिरवायची नवरी नाही."

"छे हो मामा!" तियांग म्हणाला.

मामाची बस वळणाआड गेली न गेली, की कुरो स्कूटरवर!

आता मला सांगा, ज्याच्याकडे गावातला सगळ्यात नावाजलेला कुत्रा एका दिवसासाठी आलाय, त्याने काय तो गल्लीबोळातून चालत न्यायचा? लोकांना दिसणार कसा? पायाशी जी जागा असते ना स्कूटरच्या, तिथे कुरो उभा, मागे तियांग छाती काढून, निघाली स्वारी लांगुइच्या दुकानाकडे. लांगुइ म्हणजे दुकानदारीण. तिची जीभ तिच्या सुरीपेक्षा धारदार. "काय रे तियांग," ती दारातूनच ओरडली, "चालवतोय कोण? तोंडावरून तर कुत्रा मालक वाटतोय!"

तियांग तिला फर्मास उत्तर देणार होता. दिलंच असतं. पण तेवढ्यात कचऱ्याच्या पिंपावर बसलेल्या माकडाने कुरोकडे बघून दात विचकले... आणि कुरोने झेप घेतली. सगळा कुत्रा गेला हो, एक पाय सोडून! पुढच्या डाव्या पायाची नखी स्कूटरच्या रबरी मॅटच्या चिरेत अडकलेली. कट्ट! असा आवाज झाला की लांगुइच्या हातातला चहा सांडला. नखी मधोमध उभी चिरलेली, अर्धी गायब, अर्धी लोंबतेय, आणि रक्त!

तियांग मटकन खाली बसला. त्याच्या डोळ्यांपुढे कुरो नव्हता, माकड नव्हतं, मामा होता.

आणि मग सल्ले! माणसाचं नाक कापलं गेलं तर कुणी वळून बघत नाही, पण कुत्र्याची नखी तुटली की सगळं गाव डॉक्टर. एक म्हणे राख चोळ. दुसरा म्हणे राळ्याची दारू ओत. कुठे ओतू, पायावर? "नाही, तुझ्या घशात, घाबरलायस तू!" लांगुइ म्हणे, "अरे, चपला चिकटवायचा गोंद आहे माझ्याकडे, दे चिकटवून, मामाला काय कळतंय!" आणि हा वेडा विचारतो, "काळ्या रंगात आहे का?"

शेवटी बायकोने, पुनीने, सूत्रं हाती घेतली. पुनी म्हणजे बडबड कमी आणि धपाटा जास्त. तळणाला लावायचं रताळ्याचं पीठ आणलं, मूठभर जखमेवर दाबलं, रक्त थांबवलं, वर आपला चर्चला जायचा पांढरा मोजा चढवला. कुरोने मोजा काढला. खाल्ला. पुनीने दुसरा चढवला. तोही गेला. "आता रविवारी मी काय अनवाणी जाऊ?" ती म्हणाली. "ऊठ. डॉक्टरकडे ने." कशावरून ने? स्कूटरवरून! दुसरं आहे काय त्याच्याकडे? तोच कुत्रा, तीच स्कूटर, तीच मॅट. फक्त या वेळी पाय टॉवेलात गुंडाळलेला, आणि सगळ्या रस्ताभर तियांग त्याला "राजा, सोन्या, मामाला सांगू नकोस हं," करत होता.

खालच्या गावातली जनावरांची डॉक्टरीण, पोरगीच म्हणा, पण हाताला भारी. तिने मुसकं बांधलं आणि कात्री उचलली मात्र, रानडुकराशी झुंजणारा आमचा वाघ असा केकाटला, असा केकाटला, की बाहेर बाकावर बसलेल्या म्हातारीची मांजर पिंजऱ्यासकट पुढे सरकली! आणि तियांग? त्याने कुत्र्याला धरायचं होतं. शेवटी डॉक्टरणीने एका हाताने कुत्र्याला आणि दुसऱ्या हाताने तियांगला धरलं. लोंबणारा तुकडा मुळाशी कापला, धुतलं, मलम, पट्टी, गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं. आणि म्हणाली, "आतलं जिवंत मांस उघडं पडलंय. रोज धुवायचं, पट्टी बदलायची. नखी धरेपर्यंत डोंगर बंद."

"उद्या सकाळी जरासं..."

"उद्या चढवलात तर चिखल आत जाईल, पू होईल, बोट काढावं लागेल. मग हा घरीच, टीव्ही बघत."

तियांग परत निघाला तो कसा आला त्याचं त्याला माहीत. बोट गेलं तर कुरो उतारावर पाय रोवणार कशाने? पाय रोवता येत नाही तो शिकारी कुत्रा कसला! आणि त्याच संध्याकाळी मामा हजर. नाकावर नवाकोरा चष्मा! "सगळं कसं लख्ख दिसतंय रे!" म्हणतो. ऐन मोक्याला त्याला दृष्टी यायची होती! "कुरो कुठाय?" "झ... झोपलाय मामा." "बरं, झोपू दे. सकाळी अंगणात घेऊन ये."

"सांगून टाक ना," पुनी म्हणाली.

"सांगू? आणि मामा बोलला तर? पातेली गेली, कुरो गेला, आणि वर तो शब्द लागला म्हणजे?"

"मग शिंक."

"काय?"

"उद्या निघताना शिंक. शिंकलास की जाणंच रद्द. कुत्र्याचं बोट वाचेल."

तुम्हाला सांगतो, बायका उगाच नाही चर्चमध्ये पुढे बसत! आमच्यात निघायच्या घटकेला कुणी शिंकलं, की संपलं. पिशव्या खाली, बंदुका भिंतीला, जो तो घरी. कुणाची माशी शिंकायचीसुद्धा गरज नाही, माणूस पुरे. तियांगला वाटलं, एवढंच ना? शिंकायला काय लागतं!

सकाळी नरसाळं काढलं, पांढऱ्या पट्टीला पातेल्याच्या बुडाची काजळी फासली, काळ्या पायावर काळी पट्टी, आणि कुरोला अंगणाबाहेर कुंपणाला बांधला. मंडळी जमलेली. तियांगने दाराआड जाऊन मिरीची पूड हुंगली. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून पाणी आलं, शिंक काही येईना! कोंबडीचं पीस नाकात घातलं. गुदगुल्या झाल्या, हसू आलं, हसता हसता रडू आलं, शिंक काही येईना! सूर्याकडे बघावं, तर सूर्य अजून डोंगरामागे तोंड धूत बसलेला. मिरची? खाल्ली. तंबाखू? ओढली... आता त्याच्या नाकाने असहकारच पुकारला म्हटल्यावर कुणाचं काय चालणार?

खोटी काढून बघितली. "आ... आक्... खॅं!" अशी निघाली, की शेजारची बकरी उत्तर द्यायला लागली.

"खोकला झालाय का रे?" मामा म्हणाला. "आलं चघळ."

लोकांनी पिशव्या पाठीवर टाकल्या. मामा कुरोला सोडायला कुंपणाकडे गेला. कुंपणाला टेकून स्कूटर उभी. मामा वाकला. बराच वेळ वाकून होता, म्हाताऱ्याची कंबर धरली असेल, असं सगळ्यांना वाटलं. कुरो आनंदाने उडी मारायला गेला आणि डावा पाय जमिनीला लागताच हलकेच कुंईऽऽ करून त्याने तो वर घेतला. सांगतो, आता सांगतो, म्हणून तियांगने तोंड उघडलं, तर मिरच्यांनी जीभ बधिर! "मामा, कु... कु... ना..."

आणि तेवढ्यात,

"आऽऽक्छी!"

कुणी? मामाने! सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाने! मामाने चष्मा पुसला. "गार हवा," म्हणाला. "राहू दे. परत कधीतरी." लोक कुरकुरत, पाय आपटत पांगले. "हॉस्पिटलातून सर्दी घेऊन आला म्हातारा," एकजण पुटपुटला. मामा तियांगला म्हणाला, "कुरो राहू दे तुझ्याकडेच. माझ्या नाकाचा भरवसा नाही. आणि हे बघ... पायी फिरव."

तियांगने त्या दिवशी चर्चमध्ये दोन मेणबत्त्या लावल्या. एक देवाला, एक मामाच्या नाकाला.

मग पुढे जे सुरू झालं ते बघवत नव्हतं हो! रोज कोमट मिठाच्या पाण्यात कुरोचा पाय. रोज नवी पट्टी. पाय टेकायचा नाही म्हणून साहेबांना पाठुंगळी घेऊन फिरवणं! लांगुइ दारात उभी, "बघ बाई, आता चालवतोय कोण ते कळलं!" कुत्र्याला उकडलेली कोंबडी, तियांगला रताळ्याचा पाला. ती अंडी न घालणारी कोंबडी होती ना, तीच गेली. कुरो गोल झाला, तियांग वाळला, कंबर धरली... पण नखी आली! कोवळी, काळी, चकचकीत. डॉक्टरणीने दाबून पाहिलं, कुरोने तिचा हात चाटला. "आता न्या कुठेही."

पुन्हा अंगण. पुन्हा मंडळी. पुन्हा पिशव्या. कुरो चारही पायांवर थयथय नाचतोय. तियांगने पातेली उचलली, तर मामाने ती त्याच्या हातातून काढून दुसऱ्याला दिली. "तू पुढे ये," म्हणाला. "कुरोबरोबर. त्याला आता तुझी सवय झालीय."

पुढे! कुत्र्याबरोबर! तियांगचा ऊर भरून आला. मान वर करून त्याने डोंगराकडे पाहिलं, आणि नेमका त्याच घटकेला सूर्य डोंगरामागून तोंड धुऊन बाहेर आला, आणि पहिला किरण... बरोबर याच्या नाकावर.

नाही, नको, देवा नको! नाक दाबलं. श्वास कोंडला. जीभ चावली. देवाला हाक मारली, डोंगरावर जे कोण असतील त्यांना मारली, पुनीला मारली...

"आऽऽऽऽक्... छीऽऽऽ!"

कुंपणावरच्या चिमण्या उडाल्या. बकरीनेसुद्धा तोंड फिरवलं. मंडळींनी एकेक करून पिशव्या खाली ठेवल्या. कुरो खाली बसला आणि त्याने तियांगकडे असं पाहिलं, असं पाहिलं, की सासू परवडली.

मामा सावकाश जवळ आला. खिशातून काहीतरी काढून त्याने तियांगच्या तळहातावर ठेवलं. काळं, टोकदार, अर्धं तुटलेलं. त्याच्या एका चिरेत अजून रबराचा कण अडकलेला.

"ही शिंक मात्र खरी होती हं, भाच्या," मामा म्हणाला. "जा आता. कुत्र्याला फिरवून आण."

आणि तियांग निघाला. चालत. दुसरं करतो काय बिचारा!