पाठ खाडीकडे, तोंड गावाकडे

पाणी माझ्या काखेपर्यंत आलं होतं आणि माती घेऊन कोणी येत नव्हतं. बांध फुटला होता, खाडी शेतात घुसत होती, आणि त्या भगदाडात आम्ही चौघं हातात हात अडकवून उभी होतो, मी, माझी धाकटी जाऊ आंजू, तिचा नवरा इनास आणि शेजारचा पांडू. पाठ खाडीकडे, तोंड गावाकडे. आमच्याकडे फुटका बांध असाच बुजवतात. माणसांची रांग पाण्याचा जोर पाठीवर घेते, आणि बाकीचा गाव रांगेच्या पुढ्यात, जिथे पाणी जरा थोपतं तिथे, पेंढा आणि माती दाबत जातो. रांग नुसती उभी राहते, बुजवायचं काम बाकीच्यांचं. आणि तोंड गावाकडे असल्यामुळे मला सगळं दिसत होतं. वरच्या रस्त्यावर बाप्ये, बायका छत्र्या उघडून उभे, आणि आमच्या वाडीतला मोहन कानाला मोबाइल लावून फेऱ्या मारत होता. आंजू एकदाच बोलली. बाय, माती खंय आसा गो? मी म्हटलं, येतली. मग तिचा हात माझ्या हातातून सुटला.

काय सांगू तुम्हाला, मी मूळची इथली नाही. सावंतवाडीकडची मी, माझ्या बापाची डोंगराकडेला शेती, तिथे खारं पाणी कोणी बघितलं होतं? चौथी झाली, शाळा संपली, पुढे लग्न करून या खाडीकाठी आले. पहिल्याच वर्षी पावसाच्या आधी सासूने टोपली हातात दिली आणि म्हणाली, चल बांधावर. मला वाटलं आमचंच काम असेल. जाऊन बघते तर सगळा गाव. घरटी एक माणूस आणि एक भारा पेंढा, हा नियम. हिंदूंनी राखणदार देवाला नारळ ठेवायचा, आम्ही किरिस्तावांनी खुरसाकडे मेणबत्ती लावायची, आणि मग सगळ्यांनी मिळून कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं शोधायची. कुर्ल्या बांध पोखरतात, बीळ बुजवलं नाही तर तिथूनच पाणी झिरपतं आणि तिथूनच बांध जातो. बिळं बुजवता बुजवता भांडणं चालायची. कोणाच्या कोंबड्या, कोणाची सुपारी, कोणाच्या सुनेचं तोंड. माझ्या सासूने आणि पांडूच्या आईने एकमेकींना काय काय म्हटलं ते मी तुम्हाला लिहू देणार नाही. पण हात थांबायचे नाहीत. आणि बांध फुटलो म्हणून साद आली की त्या दोघी एका रांगेत हात धरून उभ्या. मी बघितलंय. तेव्हा कोणी कोणाला आवडत होतं म्हणून येत नव्हतं, यावं लागायचं म्हणून येत होतं.

मग सरकारने बांध बांधला. चांगला बांधला, त्याला मी नावं ठेवणार नाही. दगड लावले, पाणी सोडायला लोखंडी झडप बसवली, आणि खूप वर्षं शेतात खारं पाणी आलं नाही. पण खोटं कशाला बोलू, लोकांनी काय केलं, रात्रीचे दगड काढून नेले आणि घरापुढे कुंपणाचे गडगे घातले. साहेब आला तेव्हा दगड नाहीत. आणि त्याच दिवशी इनास तिथे कुर्ल्यांची बिळं बुजवत होता, हातात कुदळ. साहेब त्यालाच ओरडला, सरकारी कामाला कुदळ लावतोस, केस करीन. बांधाला हात लावायचा नाही अशी पाटी लागली. झडपेचं चाक कुलपात गेलं, चावी ऑफिसात. इनास घरी आला आणि म्हणाला, आता सरकारच बघीत. गावाला तेच पाहिजे होतं. पेंढा वाचला, दिवस वाचला. नारळ आणि मेणबत्ती मात्र चालू राहिली, ती सोपी.

आणि कुर्ल्यांना कोण सांगणार बांध सरकारी झाला म्हणून.

नारळी पुनवेच्या सकाळी फुटला. उधाण मोठं, वरून पाऊस, आणि झडपेत माडाचा ओंडका अडकलेला. ऑफिसला सुट्टी. इनास वाडीवाडीतून ओरडत गेला, बांध फुटलो, बांध फुटलो. पूर्वी हे ऐकलं की माणूस जेवणावरून उठायचा. आता विचारायला लागले, साहेबांक कळवलास? हात लावूक परवानगी आसा? मोहनने फोन लावला, तो लागला नाही, दुसरा लावला, त्यांनी सांगितलं मशीन पाठवतो, थांबा. म्हणून थांबले. वाईट माणसं नाहीत ती, मोहन माझ्या औषधाला मालवणात जातो. त्यांना खरंच वाटलं की थांबणं हेच बरोबर. आमच्या चौघांना वाटलं, रांग उभी राहिलेली दिसली की लोक खाली उतरतील.

आंजू शेताकडे वाहून गेली. पांडूने मला आणि इनासला ओढून बांधावर घेतलं. मशीन आलं संध्याकाळी. ओहोटीला पाणी परत खाडीकडे फिरलं, त्याबरोबर ती झडपेपर्यंत आली. झडप उघडत नव्हती म्हणून तिथेच अडकली, नाहीतर आम्हाला पुरायलाही मिळाली नसती.

पुढे मोठी माणसं आली, फोटो झाले. शेत खारं झालं, भात नाही. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तरणी माणसं घराला कुलपं लावून गोव्याला गेली. यंदा एक नवीन साहेबीण आली, देवळाच्या मांडवात ग्रामसभा घेतली, आणि विचारलं, सरकारने काय करावं असं तुम्हाला वाटतं? सगळे शहरातल्यासारखं मराठी बोलायला लागले, निधी आणि पर्यटन आणि काय काय. मी उठले. मी म्हटलं, बाई, दगड द्या, झडप द्या, ते आमच्याच्याने होत नाही. पण चाकाची चावी गावात ठेवा, आणि पावसाआधीचा एक दिवस आमच्यावर घाला, घरटी एक माणूस. आम्हाला आयतं देऊन सुटं करू नका, सुटं माणूस रस्त्यावर उभं राहतं. मागून कोणीतरी म्हणालं, म्हातारे, बस आता. ती बाई म्हणाली, त्यांना बोलू द्या. आणि दगड दिले तिने, चावीसुद्धा दिली.

तो दिवस परवाच झाला. अर्धीअधिक घरं बंद, म्हणून आलेली बहुतेक म्हातारीच. मोहन आला, टोपली घेऊन, माझ्याकडे न बघता. मी विचारलं, खंय होतस रे तेव्हा? तो म्हणाला, फोन करी होतंय, काकी. कोणाक? सरकाराक. मी त्याच्या टोपलीत माती भरली आणि म्हटलं, ह्या बिळात घाल. त्याने घातली. बांध धरेल की नाही ते उधाण आल्यावर कळेल, आणि साद घातली तर कोण उतरेल तेही तेव्हाच.

त्या भगदाडात आम्ही चौघं होतो. इनास मुलीकडे मडगावला आहे, कोणाशी बोलत नाही. पांडू आहे. मी आहे. आंजू नाही.