काकीचे केस आणि आमचं तेल

आमच्या केसगळतीवरच्या नव्या तेलाचं काय झालं, ते तुम्हाला सांगायचंच राहिलं. महाडच्या लॅबमध्ये आम्ही ते बनवलं आणि वापरून बघायला ओळखीपाळखीत बाटल्या वाटल्या. एक मी कापडे गावच्या माझ्या काकीला दिली.

काही महिन्यांनी लॅबच्या साहेबांना घेऊन मी तिच्याकडे गेले, तर काकीचे केस काळेभोर, दाट! साहेब असे हरखले की जाहिरातीसाठी लगेच मोबाईलवर शूटिंगच सुरू केलं. "काकी, आमचं तेल कसं वाटलं? मोकळेपणाने सांगा."

"मला काय म्हायती? मी नाय लावलं."

"मग बाटली कुठे गेली?"

"लेकाला धाडली मुंबयला, तांदळाच्या गोणीत घालून. एवढी चांगली वस्तू हितं कोन ठेवतंय? मी आपलं खोबरेलच लावते."

मी मान खाली घातली. साहेबांनी मात्र आशा सोडली नाही. "मग मुलाला तरी फरक पडला असेल ना?"

"पडला तर! कालच आलाय तो." काकीने घरात तोंड करून हाक मारली, "संत्या, टोपी काढून भायेर ये रे, तेलवाले आलेत!"