खडकावर चढणारी बसकी गाडी

मी मूळची आसेगावची. बाप दुसऱ्याच्या वावरात सालानं राहे, माय निंदाले जाये, आनि आमच्या मोहल्ल्यात पोरगी धावी पास झाली का विहारात तिचं नाव घेत. माहं नाव घेतलं आनि पुढच्याच उन्हाळ्यात लग्न लावून देलं. नवरा वेल्डर हाये म्हनले. मले वाटलं कोनाच्या दुकानात नोकरीले असतीन, त मेडशीले येऊन पाहातो त दुकान त्याइचंच, रोडच्या कडेले टिनाचं शेड, समोर शटर, मागे मोकळं आंगन, आनि आंगनात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उलट्या टाकून ठेवेल. उलट्या काहून, तर खालच्या आंगाची वेल्डिंग सोपी जाते. आता मले हे सांगा लागते, तवा मले वाटलं होतं का अपघात झाला.

मी हे काम कशी शिकली हे लोक लय विचारतात. शिकवलं कोनी नाई. हे म्हनत, पाइप धर. मी धरे. मंग म्हनत, दोन टाके मार, मी धरतो. एक दिवस त्याइच्या बोटाले लागलं, गिऱ्हाईक ट्रॅक्टर चालू ठेवून उभं, तर मी वेल्डिंगची काळी काच डोक्याले लावली आनि पुरी वेल्डिंग केली. याइनं पाहिली, म्हनलं, घासून काढ, पुन्हा मार. दुसऱ्यांदा मारली त काई बोलले नाई. त्याइचं न बोलनं म्हनजे पास, हे मले तोवर समजेल होतं.

पन स्वतः त्याइले काच लावायची सवय नव्हती. घाईचं काम असलं का डोळे बारीक करायचे आनि टाका मारायचा. किती वर्षं तसं केलं. मंग नजर गेली, पुरी नाई, मधातली गेली. म्हनजे कडेचं दिसते आनि समोर पाहावं ते धुकट. डॉक्टर म्हनले, ठिनगीसमोर उभं राहू नका. त्या दिवसापासून हे शेडात यायचेच बंद झाले. घराच्या ओट्यावर बाजेवर बसून राहात. शेडात काय चाललं ते विचारतही नव्हते. दुकान मी चालवून राह्यली होती, ट्रॉल्या, वखर, गेट, जे येईन ते.

माहा देर राजू. मानूस वाईट नाई, त्याले शटर पायजे होतं. खताचं आनि बियान्याचं दुकान टाकतो म्हने, रोडटच जागा, सोयाबीनवाले सारे इथूनच जातात. मले म्हने, वहिनी, किती वर्षं ठिनग्या खाता, आता दादाजवळ बसा. यायलेही त्याचं पटत चाललं होतं. म्हनत, माही नजरच नाई त दुकान कायले ठेवायचं. मी म्हनलं, नजर तुमची गेली, माही हाये न. राजू म्हने, पाहू न वहिनी, आनि विषय तसाच राह्यला.

त्यातच अकोल्याहून सलीमभाई आले. जुन्या टायरचा धंदा त्याइचा. आमच्या ट्रॉलीचा सांधा तुटत नाई हे कोठून तरी ऐकलं होतं. टेम्पोत एका भंगार जीपचं इंजिन, गिअरबॉक्स, आनि लिलावातल्या एका मिलिटरी ट्रकचे दोन एक्सल, म्हनजे चाकाचे आख, पुढचा आनि मागचा, असे वजनदार का उतरवायले चेनपुली लागली. म्हने, भाभी, मले एक गाडी पायजे, उंच नको, एकदम बसकी, नुसत्या पाइपाचा पिंजरा, आनि चारी चाकं ओढनारी. मी म्हनलं, माल कोनता भरनार? म्हने, माल नाई. मंग काम काय? खडकावर चढन. चढून? उतरन. मंग? मंग दुसऱ्या खडकावर चढन. मी म्हनलं, बकरी घ्या न, स्वस्तात पडते. लय हसले. म्हने, बकरीच पायजे भाभी, चाकावाली.

अशा गाड्याइच्या शर्यती असतात म्हने, मोबाइलवर त्याइनं दाखवलं. गाडी भिताडावानी दगडावर चढून राह्यली, एक चाक हवेत, अन् पडत नाई. काहून पडत नाई, ते मी दोन-तीनदा पाहून समजून घेतलं. सारं वजन खाली, एक्सलमधे. वरचा पिंजरा हलका. भरल्या ट्रॉलीचं उलटं. ट्रॉली पलटते ते वरच्या पोत्यांनं पलटते.

मी त्या दिवशी जेवताना दोघाइले सांगितलं. हे काम मी घेतलं. ही गाडी खडकावर चढली त दुकान माह्या हाती राह्यलं, पुन्हा विषय काढायचा नाई. नाई चढली त शटरची चाबी राजूले मी सोता नेऊन देईन. राजू म्हने, वहिनी, खडकाची शर्यत कायले, भाजी वाढा. पन त्यानं ऐकलं. यायनंही ऐकलं.

काम सुरू केलं. पाइप वाकवायचा त आंधी त्यात वाळू ठासून भरायची, दोनी तोंडं बंद करायची, मंग गरम करून वाकवायचा, म्हनजे तो चपटत नाई. एक्सलवर वेल्डिंग सलग मारायची नाई, इकडे थोडी, तिकडे थोडी, मधात थंडं होऊ द्यायचं, नाईतर जाड एक्सलही आंग चोरते, म्हनजे वाकडा होते. हे सारं आमाले येते. जे आमाले येत नव्हतं ते आमाले माहीतच नव्हतं, घोटाळा तिथंच झाला.

पुढच्या एक्सलचं पोट, म्हनजे ज्यात दात्याचं मोठं चाक असते तो फुगेल भाग, उजव्या आंगाले होता, आनि गिअरबॉक्समधून पुढे येनारा, चाकं फिरवनारा दांडा डाव्या आंगानं निघे. दोघाइची गाठ पडेना. आता ट्रॉलीवाल्याले विचारा. ट्रॉलीचा एक्सल म्हनजे नुसता लोखंडाचा दांडा, चाकं त्यावर आपली फिरतात, त्याले ना वर ना खाली. जुन्या बैलगाडीच्या आखालेही नसते. बसला नाई का पलटवला, कोनी विचार करत नाई. मीही पलटवला. खालचं वर केलं, पोट डाव्या आंगाले आलं, टोकाचे वळनारे सांधे खोलून आदलाबदल केले, दांडा असा सरळ बसला का मीच खुश. मंग साऱ्या पट्ट्या पक्क्या वेल्ड करून टाकल्या, आनि चांगल्या केल्या, हे वाईट झालं.

पह्यल्यांदा चालू केली तवा आंगनात गर्दी. सलीमभाई बसले, चारी चाकाचा गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी जागेवर थरथरून राह्यली. पुढं नाई, मागं नाई. जोर वाढवला त मागच्या चाकाची माती मागं उडाली आनि पुढच्या चाकाची पुढं, शेजारच्या म्हातारबाच्या धोतरावर. तो म्हने, अवं, हे भुईमूग काढायचं यंत्र हाये काय? आनि राजू म्हने, वहिनी, एक बैल पूर्वेले जुंपला, एक पश्चिमेले.

तेव्हा मले उमगलं. मागची चाकं पुढं जाऊन राह्यली, पुढची मागं. एक्सल पलटवला त आतलं दात्याचं चाकही या बाजूचं त्या बाजूले गेलं, आनि फिरनं उलटं झालं. सलीमभाई बिचारे म्हनले, राहू द्या भाभी, मी मागच्याच चाकावर चालवीन. मी म्हनलं, मागच्याच चाकावर तुमची स्कूटरही चालते.

करायचं काय, त साऱ्या पट्ट्या कापायच्या, एक्सल सुलटा करायचा, आनि इंजिन-गिअरबॉक्सच उजवीकडे सरकवायचं. म्हनजे आपलंच चांगलं काम ग्राइंडरनं कापायचं. सकाळी कापायले बसली. जेवनाच्या वेळेले पाहातो त हे भिताडाले हात लावत लावत शेडात येऊन राह्यले. मी म्हनलं, ठिनग्या उडतात, बाहेर बसा. म्हने, बंद कर न मंग थोडा वेळ. बंद केलं. याइनं एक्सलवर हात फिरवला, मंग गिअरबॉक्सवर, मंग दोघाच्या मधात बोटं घातली. म्हने, तुहा गिअरबॉक्स मागून खाली हाये, दांडा वाकडा फिरन, त्याचा सांधा वाजन आनि झिजून तुटन. मी सुतळी लावून पाहिली. बरोबर होतं. तुमाले दिसलं कसं, म्हनलं. म्हने, दिसलं नाई, लागलं.

तेव्हापासून मी वेल्डिंग मारे तवा हे बाहेर जात, आनि थंडं झालं का आत येऊन हात फिरवत. कधी म्हनत, इथं घास. कधी काई बोलतच नव्हते.

घाटाकडे जाताना एक जुनी गिट्टीची खदान हाये, गाडी चारी चाकानं पुढं चालायले लागली त तिथं नेली. यायले राजूनं आपल्या मोटरसायकलवर आनलं. खदानीत काळे धोंडे एकावर एक, मानूसही हात टेकवत चढन असे. सलीमभाईनं पट्टा बांधला, आनि गाडी हळू, अगदी चालत्या मानसावानी, दगडाले लागली. हे राजूले म्हने, मले धुकट दिसून राह्यलं, काय होऊन राह्यलं ते सांग.

आता चाबी ज्याले पायजे त्यालेच सांगायचं काम. राजू सांगे, पुढची दोन चाकं चढली दादा. आता मागचं डावं चाक हवेत हाये. थांबली. घसरून राह्यली. हे म्हने, घसरली का बसली? मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याले घसरली म्हनता आलं असतं, यायले काय समजनार होतं. तो म्हने, बसली दादा. चाकानं दगड धरला. ओढून राह्यली, पुढची ओढून राह्यली, मागची ढकलून राह्यली. चढली. वर गेली पुरी.

हे म्हने, सांधा वाजला काय? राजू म्हने, नाई वाजला.

मंग याइनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हनलं, चल, खताच्या दुकानासाठी स्टँडकडे एखादा गाळा पाहू. राजू म्हने, पाहूच. माह्याकडे पाहिलं नाई त्यानं. मी सलीमभाईले हात करून राह्यली होती का आता उतरा, उतरताना पाहू द्या.

आता दुकान चालू हाये. सध्या ट्रॉल्याच हायेत आंगनात, बकऱ्या रोज रोज कोन बनवते. हे सकाळी येतात, हात फिरवतात, जेवायले घरी जातात. राजूनं स्टँडजवळ दुकान टाकलं, पोते ठेवायचे लोखंडी घोडे माह्याकडूनच करून नेले, आनि वरतून म्हने, वहिनी, जरा पातळ पाइप चालला असता, जड झाले. मी म्हनलं, खत भरल्यावर सांग. त्याचं खत खपो, लोकाइच्या वावरात पीक येवो. पीक आलं का ट्रॉली लागते, आनि ट्रॉली मोडली का मी हायेच.